टीव्हीशेजारचा शेड्यूल वन

२ एप्रिल, बुधवार
आजपासून रोजनिशी. छंद शास्त्रशुद्ध हवा. कोरल, म्हणजे प्रवाळ, आणला आणि टीव्हीशेजारच्या काचेच्या टाकीत ठेवला. जिवंत, जांभळा, थेट समुद्रातला. मासेवाला सौरव म्हणाला, काका, इम्पोर्टचं परमिट कोणालेच भेटत नाही, म्हणून भाव असा आहे. बिल मागू नका अन् कोणाले दाखवू नका. किती प्रामाणिक मुलगा! किंमत इथे लिहीत नाही. वही बायकोच्या, सरिताच्या हाती लागू शकते.

६ एप्रिल, रविवार
दुपारी झोपून उठलो तर कोरलचा रंग खुललेला. माझी लाइटिंग लागू पडली. मासे ठेवणार नाही, कोरलला एकांत हवा.
संकल्प: तुकडे करून वाढवायचे. बाहेरून येत नाही तर नागपूर पुरवेल.
माझा जुना टूथब्रश कुठे गेला?

१३ एप्रिल, रविवार
आठवडाभर हिरवट, मळकट. आज दुपारनंतर पुन्हा टवटवीत. भरती-ओहोटीचा परिणाम असावा. हे संशोधन आहे.

१९ एप्रिल, शनिवार
वन्यजीव कायदा वाचला. कोरल शेड्यूल वनमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या पहिल्या यादीत. वाघही तिथेच. म्हणजे मी टीव्हीशेजारी वाघच ठेवलाय. आणि सरिताचा भाऊ धम्मदीप फॉरेस्टमध्ये! उठून दाराला कडी घातली. थोडा अभिमानही वाटतो. हिंगण्याच्या कंपनीत नट-बोल्ट मोजण्यात जन्म गेला, पण एवढं मोठं कलम आपल्याला लागू शकतं.

२८ एप्रिल, सोमवार
पारा चव्वेचाळीसवर. कोरलला उष्णता सोसत नाही. कूलरचं तोंड टाकीकडे वळवलं. सरिता म्हणाली, अन् आम्ही मेलो तर चालते? समजावलं की आपण शेड्यूलमध्ये नाही. पदराने वारा घेत स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१० मे, शनिवार
बुद्धपौर्णिमेला धम्मदीप जेवायला येतोय. सरितानेच फोन केला. काहून बोलावलं विचारलं तर म्हणे, भावाले बोलवाले कारण लागते का?
संकल्प: टाकीवर चादर. विचारलं तर सांगायचं, घराचं पेंटिंग आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
कूलर चादरीला वारा घालतोय हे पाहून धम्मदीपने आल्या आल्या चादर ओढली. मी हात जोडून सगळं कबूल केलं. नेशील तर मागच्या दाराने ने म्हटलं, शेजारी बघतात. त्याने बाही वर करून कोरल बाहेर काढला, दाबला, उलटा केला. म्हणाला, भाऊजी, रबर आहे हे. माझ्या पोरीच्या टाकीत असे दोन आहेत.
मग दर रविवारी रंग कसा खुलतो, विचारलं. सरिता खीर वाढत होती. म्हणाली, तुम्ही झोपले की मी घासते न ब्रशनं, शेवाळ चढते त्याच्यावर.
आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही इतके खुश राहून राहिले होते, मन नाही झालं. कूलर तिकडे वळवला नसता तर सांगतलंच नसतं.
फार वाईट वाटलं. सौरवला जाब विचारायचा तर काय विचारू? खरा वाघ का नाही दिला?

१८ मे, रविवार
कूलर सरिताकडे. दुपारी झोपलो नाही. ब्रश मागून घेतला, कोरल स्वतः घासला.
रंग खुलला आहे.