खाट नंबर सहा: होल्ड

२ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. महत्त्वाचं काम हाती घेतलंय. नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात, निदान आमच्या कारखान्यात तरी.

परिस्थिती अशी. बाबा, वय ८१. अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. खाणंपिणं, अंघोळ, सगळं खाटेवर. ते सगळं ही करते. लोकांना मी ‘आम्ही करतो’ असं सांगतो. चूक नाही, एकाच घरातले आहोत. आता बाबांना उचलून उचलून हिला हर्निया झालाय. ऑपरेशन २० तारखेला, शुक्रवारी. त्यानंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही. म्हणजे बाबांना उचलायचं नाही. म्हणजे वीसच्या आत बाबांसाठी केअर होममध्ये जागा हवी.

अठरा दिवस आहेत. शहर लहान, केअर होम तीनच. सत्तावीस वर्षं पंपाच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. एकही वाकडा वॉशर माझ्या नजरेतून सुटला नाही. तीन नग तपासायला अठरा दिवस म्हणजे चैन आहे.

ही म्हणाली, तिन्हीकडे फोन करून जागा आहे का ते आधी विचारा. मी म्हटलं, आधी निकष, मग फोन. बायकांना घाई फार.

४ तारीख, बुधवार. रात्री जेवणानंतर
निकष तयार. बेचाळीस रकाने. फरशीचा निसरडेपणा, रॅम्पचा चढ, खाटेची उंची, बेल वाजल्यापासून माणूस येईपर्यंतचे सेकंद. पासिंग ८५. हिला फॉर्म दाखवला. ‘छान आहे’ म्हणाली. ताप आल्यावर ‘बरी आहे’ म्हणते, त्याच आवाजात.

७ तारीख, शनिवार
एका दिवसात तिन्ही तपासली. पाय तुटले, पण समाधान आहे.

टेकडीवरचं: ७१. नापास. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. रॅम्पचा चढ कोनमापकाने मोजला, एक अंश जास्त. शिवाय व्हरांड्यात पाच-सहा म्हातारे कशावर तरी खो खो हसत होते. गोंगाट, वजा दोन. दोन खाटा रिकाम्या आहेत म्हणे. असणारच.

बस स्टँडमागचं: ९१. आरसा आहे आरसा. फरशीत तोंड दिसतं. जागा चार महिने नाही.

शाळेजवळचं: ८४. एका मार्काने हुकलं! कारण बेसिनचा नळ ठिबकतो. एकच खाट रिकामी. नंबर सहा, खिडकीशी, उजेड उत्तम. मी मेट्रनबाईंना म्हटलं, नळ दुरुस्त करा, पुन्हा तपासतो, मग पास. त्या म्हणाल्या, बघा साहेब, लवकर सांगा. मी खिशातली पिवळी चिठ्ठी काढली आणि खाटेच्या दांडीला तारेने बांधली. ‘होल्ड. फेरतपासणी बाकी.’ खाली सही, तारीख. आमच्याकडे पिवळी चिठ्ठी बांधलेल्या नगाला मालकसुद्धा हात लावत नाही.

संध्याकाळी हिला तिन्ही फॉर्म मोठ्याने वाचून दाखवले. ऐकता ऐकता बाबांना भरवत होती. टेकडीवरच्या हसण्याचं पुन्हा वाचायला सांगितलं. वाचलं. मग बराच वेळ स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. बहुधा तिची बहीण.

११ तारीख, बुधवार
ताईचा फोन. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, लांब राहते, आणि लांबूनच रागावते. बाबांना कुठे ठेवायचं ठरलं का, म्हणून विचारलं. मी मार्क कसे काढले ते समजावलं. ती म्हणाली, अरे तू बापाला ठेवतोयस की पंप विकत घेतोयस? मोठी आहे, ऐकून घेतलं.

संध्याकाळी बाबांची चादर बदलताना ही पोट धरून खाली बसली. मी लगेच धावून गेलो, म्हणजे फेरतपासणीच्या फॉर्मचा सतरावा रकाना पूर्ण करून. गरम पाण्याची पिशवी दिली. ती म्हणाली, वीस तारीख पुढे जाता कामा नये हो. मी म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. खाट होल्डवर आहे.

१४ तारीख, शनिवार
आज फेरतपासणी होती. कारखान्यात ऑडिट, सुट्टी नाही. सोमवारी जाईन. खाट कुठे पळून जातेय?

१६ तारीख, सोमवार. संध्याकाळी ५.३०
गेलो. नळ दुरुस्त झालाय. ठिबकत नाही. ८५. पास.

खाटेवर एक आजी झोपलेल्या.

चिठ्ठी जागच्या जागी होती! मी बांधली तशी. उलट्या बाजूला पेनने लिहिलेलं, ‘चहात साखर नको.’ मी मेट्रनबाईंना म्हटलं, ही खाट होल्डवर आहे. त्या म्हणाल्या, आजी बुधवारीच आल्या. मी सत्तावीस वर्षांचा अनुभव सांगितला. आवाज चढला असेल. त्या शांतपणे म्हणाल्या की तुमचा पंप चिठ्ठी बांधली की पडून राहतो साहेब, आजारी माणूस राहत नाही. आजी जाग्या झाल्या आणि मला म्हणाल्या, डॉक्टर, पाय फार दुखतात हो.

घरी हिला काही सांगितलं नाही. उगाच तिचं बीपी वाढायचं. सगळं कंट्रोलमध्ये आहे.

१७ तारीख, मंगळवार
पासिंग ८५ वरून ७० केलं. परिस्थितीनुसार लवचिकता हवी.

टेकडीवर फोन केला. दोन्ही खाटा गेल्या. कधी? सात तारखेला एक, दहाला दुसरी. माझ्या नाकासमोरून. बैल गेला आणि झोपा केला!

दुपारी पासिंग ५०.

चार वाजता शेजारच्या दोन शहरांत मिळून नऊ फोन. रॅम्पचा चढ एकदाही विचारला नाही. फक्त ‘जागा आहे का हो?’ नाही. नाही. फोन बंद. नाही. एकाने विचारलं, पेशंटचं वजन किती? ठाऊक नव्हतं. अंदाजे सांगितलं.

शेवटी हिच्या हॉस्पिटललाच फोन केला. ऑपरेशन महिनाभर पुढे नेता येईल का? डॉक्टरांना विचारून कळवतो म्हणाले. मी नीच आहे का? नाही. पर्याय तपासणं हे माझं कामच आहे.

१८ तारीख, बुधवार. दुपारी
नवा निर्णय. तीन महिने रजा काढून बाबांचं मीच करणार. अवघड काय त्यात? पंप उचललेत आयुष्यभर.

आज अर्धी रजा टाकून घरी होतो. ही रक्त तपासायला बाहेर गेली होती. प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. बाबांना उठवून खुर्चीत बसवायचं, एवढंच. काखेत हात घातले. एक, दोन, तीन म्हटलं. पुढचं नीट आठवत नाही. मी खाली, बाबा माझ्या अंगावर, खुर्ची लांब. मला त्यांना उचलवेना. बाबांचा गाल माझ्या गालाला लागलेला. ते हसत होते की रडत, कळेना. तोंड एकाच बाजूने हलतं त्यांचं. मी मात्र रडत होतो, ते मला कळत होतं. ‘बाबा, थांबा हं, ही येईलच’ एवढंच म्हणत राहिलो. चाळीस मिनिटं.

ही आली. दारात उभी राहिली. आधी बाबांची पाठ पाहिली, मग मला विचारलं, लागलं का? शेजाऱ्यांना बोलावून बाबांना वर घेतलं. मग सगळं सांगून टाकलं. आजी, साखर, नऊ फोन, ऑपरेशन पुढे नेण्याचं. शेवटचं तिला माहीत होतं. हॉस्पिटलचा फोन सकाळीच घरी आला होता. तिने त्यांना सांगितलं होतं, वीस म्हणजे वीस.

मग म्हणाली, बाबांची जागा झालेली आहे. टेकडीवर. सात तारखेला संध्याकाळी मीच फोन केला.

मी म्हटलं, तिथे तर ७१ आहेत! ती म्हणाली, हो, पण माणसं हसत होती म्हणालात ना.

मला का नाही सांगितलं? तर म्हणे, सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा तपासायला गेला असता. आणि तुमच्याकडे खिडकीजवळची खाट आहे म्हणत होतात, मला वाटलं, मिळाली तर तीही चालेल.



१९ तारीख, गुरुवार. दुपारी ४
सकाळी ही हॉस्पिटलमध्ये दाखल. मी बाबांना घेऊन टेकडीवर. घड्याळ अजून चार मिनिटं मागेच आहे. असू दे.

तिथल्या बाईंनी एक कागद पुढे केला. एकच पान, पाच प्रश्न. फॉर्म म्हटल्यावर जरा बरं वाटलं, पेन काढलं. पहिला प्रश्न: कोणत्या कुशीवर झोप लागते? दुसरा: कशाला घाबरतात? तिसरा: बोलता येत नाही तर ‘पुरे’ कसं सांगतात?

मी पेन धरून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण कोरा फॉर्म. बाबा माझ्याकडे बघत होते. लाज वाटली. हिला फोन केला. तिने न थांबता सांगितलं. डावी कूस, पाठीला उशी. अंधारात दार बंद केलं की घाबरतात. पुरे झालं की अंगठा दोनदा चादरीवर आपटतात. मी लिहीत गेलो. शेवटी ती म्हणाली, त्यांना सांगा, मी येईन म्हणावं बरी झाल्यावर. सांगितलं. बाबांनी अंगठा दोनदा आपटला. पुरे म्हणजे काय ते मला कळलं नाही.

निघताना व्हरांड्यातले म्हातारे पुन्हा हसत होते. मार्क दिले नाहीत.

२० तारीख, शुक्रवार. सकाळी ११.४५
ऑपरेशन झालं. व्यवस्थित. टेकडीवरून फोन आला, बाबा रात्री छान झोपले, डाव्या कुशीवर. माझा फॉर्म उपयोगी पडला म्हणाले. बाहेर बाकावर बसलोय. हिची पिशवी मांडीवर.

दुपारी १.२०
नर्स आल्या. बाई अजून गुंगीत आहेत म्हणाल्या, जरा वळवून ठेवतो. त्यांना कोणत्या कुशीवर झोपायची सवय आहे?

एकतीस वर्षं एका खोलीत झोपतोय. म्हटलं, एक मिनिट हं, विचारून सांगतो. घाईघाईने फोन लावला.

मांडीवरच्या पिशवीत वाजला.