धडधाकट माणसाचं रक्त

ताई,

हे पत्र तुझ्या हाती पडू देणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

मशीन बरोबर चालतंय का हे बघायला आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी आधी एका धडधाकट माणसाचं रक्त लावतात. गेली कित्येक वर्षं तो धडधाकट माणूस मीच. आज माझ्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या आल्या आणि सगळे मशीनवर तुटून पडले. डॉक्टरांनी रिपोर्ट थांबवले, मेकॅनिकला बोलावलं. बाहेर पेशंट ताटकळलेत.

मी गुपचूप माझ्या रक्ताची स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली पाहिली. आईच्या रक्तात होत्या, त्याच कॅन्सरच्या कच्च्या पेशी. मशीनला काहीएक झालेलं नाही गं.

बोलले तर डॉक्टर आधी तुलाच फोन लावतील. आईचं आजारपण, तिचं जाणं, सगळं निस्तरून तू आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागलीस. गप्प बसले तर बिचाऱ्या मशीनची उगाच चिरफाड चाललीये.

आत्ताच मेकॅनिक डोकावून म्हणाला, "झालं बघा नीट! आता तुमचंच रक्त द्या, म्हणजे खात्री पटेल."

बाही वर करून बसलेय.

तुझी ठणठणीत,
धाकटी