पप्पांनी बाजारात सांगितलेला आकडा

नंदुरबार,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. निर्मला फुईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. हेमकांतदादाला मेसेज केला असता, पण तो तुला निम्मंच वाचून दाखवतो.

बातमी अशी की माझा कॉम्प्युटर पाच गिगाहर्ट्झवर गेला. कंपनीने त्याचा प्रोसेसर चार पॉइंट दोनला बांधून दिला होता. वेग वाढवायचा तर वीज थोडी जास्त द्यावी लागते. वीज वाढली की तो तापतो, फार तापला की बंद पडतो. मी एकेक पायरी चढवली आणि प्रत्येक पायरीवर त्याला मुद्दाम जड काम देऊन पाहिलं. प्रोसेसरवर मोठा कूलर बसवला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. काल तो पाचवर चालत राहिला. अडखळला नाही.

त्रास एकच झाला. माझ्या खिडकीखाली पप्पांची मिरची वाळते. पंखे जोरात फिरले तसा घरभर खकाणा उठला. आईने पोळपाट अंगणात नेला आणि तिथून मला नावं ठेवली. आता मशीन मागच्या खोलीत आहे. रोज सकाळी मी ब्रशने लाल धूळ काढते.

हा वेग हौसेसाठी नाही. सुरतेच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसने चाचणी म्हणून काम दिलं आहे. अजून न बांधलेल्या इमारतीतून आपण चालतो आहोत, अशी फिल्म करायची. मार्चअखेरीला द्यायची. पसंत पडली तर काम कायमचं, आणि मी इथेच. नाहीतर जूनमध्ये पुण्याच्या नोकरीवर परत. तिथली माझी खोली तू पाहिली आहेस.

पप्पांना, तुझ्या भावाला, पाच सांगितलं, तर ते भर मिरचीच्या लिलावात सांगून आले की पोरीने मशीन पाचवर नेलं. तिथल्या व्यापारी रतिलालकाकांनी विचारलं, पाच क्विंटल का. पप्पांना ते लागलं.

तुझी आठवण रोज निघते. माया असू दे.

तुझी
रंजिता


नवापूर,
३ मार्च २०२५

चि. रंजिता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अभिमान वाटला. शेजारच्या नर्मदाबाईंना सांगितलं की भाचीने पाच गाठले. त्यांना पाचवा महिना वाटला, विचारलं, लग्न कधी झालं. मी समजावत बसले नाही.

तुझं मशीन मला कळत नाही, पण तापणं कळतं. हेमकांतच्या शेडमध्ये कोंबड्यांना लवकर वाढवायचं असतं. तरी उन्हाळ्यात दुपारी तो त्यांच्यापुढचं खाद्य उचलतो. पोट भरलेली कोंबडी उन्हात आधी मरते. तुझे पाच फेब्रुवारीतले आहेत. मार्चचं काय ते तू जाणशील.

आणि बापाला आकडा सांगताना जपून. एकदा तो लिलावात घाईने भाव बोलला. नंतर पाहतो तर मिरची आतून काळी पडलेली. बोललो ते बोललो म्हणून त्याने ती घेतली. बाजार त्याला त्याबद्दल मानतो. तुझी आई अजून मानत नाही.

जेवत जा. पत्राला उशीर करू नकोस, मी टपालवाल्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसते.

तुझी फुई


नंदुरबार,
१९ मार्च २०२५

ती. निर्मला फुईस,
शि. सा. न.

तू लिहिलंस तसंच झालं. ऊन वाढलं आणि पाच टिकेना. स्क्रीन निळी होते, मशीन आपोआप परत सुरू होतं, केलेलं काम जातं. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी ते पडत नाही, गुपचूप चुकतं. काल फिल्ममधल्या जिन्याच्या भिंतीवर काळे चौकोन आले. सुरतेला ते पाठवलं असतं तर तिथेच संपलं असतं.

चार पॉइंट सातवर ते दुपारीही चालतं. करून पाहिलं आहे. चार पॉइंट सात आणि पाच यांतला फरक कामात फार पडत नाही. आकडा सांगताना पडतो.

पप्पा ऐकत नाहीत. मशीनला त्यांनी स्वतःचा टेबलफॅन आणून लावला आणि घामाने भिजत शेजारी बसले. म्हणाले, बाजारात पाच सांगितलं आहे, ते खाली येणार नाही. संध्याकाळी व्यापाऱ्यांना घेऊन येतात. मी काम थांबवून मशीन पाचवर सुरू करते. ते आकडा बघतात, चहा पितात, हे नक्की काय करतं ते विचारतात आणि जातात. मग मी पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना बाजारात कमीपणा यावा असं मला वाटत नाही. पण अशाने फिल्म होणार नाही. येत्या रविवारी मी चार पॉइंट सात लावणार आहे आणि पुरं होईपर्यंत हात लावणार नाही. कोणीही आलं तरी.

माझ्यावर रागावू नकोस, आशीर्वाद दे.

रंजिता


नंदुरबार,
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

फार वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

२३ मार्चच्या रविवारी मी रतिलालला घरी आणलं. रंजिता खोलीच्या दारात उभी राहिली. काम चालू आहे, थांबवणार नाही म्हणाली. रतिलालने तिच्या खांद्यावरून पाहिलं. चार पॉइंट सात. त्याने चहा दोनदा मागून घेतला. तो गेल्यावर मी पोरीला नको ते बोललो. ती दारातून हलली नाही. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही.

फिल्म पुरी झाली तेव्हा तिने मला बोलावलं. इमारतीत शिरलो, जिना चढलो, गच्चीवर गेलो. भिंतीवर एक डाग नव्हता. तिने ती सुरतेला पाठवली. काल त्यांचं उत्तर आलं. काम कायमचं दिलं आहे. ती इथेच राहणार.

आज लिलावाआधी मी सगळ्यांना सांगितलं की मशीन पाचवर नाही, चार पॉइंट सातवर आहे. रतिलाल वाटच बघत होता. भाव पाडी टाका का रे, म्हणे. मी सांगितलं, पाच मन्हा व्हता, चार पॉइंट सात तिना शे. आणि तिना टिकना. तिचा टिकला हे सगळ्यांनी ऐकलं, मग लिलाव सुरू झाला.

ताई, माल बघून भाव ठरवायचा, हे मी जन्मभर करत आलो. पोरीने बापासमोर उभं राहून तेच केलं. मला ते दारात कळायला हवं होतं.

पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तिला वाचायला देतो. बाजारात बोललो, घरात तोंडाने जमत नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा
नवनीत