उलटी मिरची

मंगळवार, दिवेलागण

डोणगावचा मसालेवाला शेठ आज कारखान्यात आला. त्याच्या पाकिटांचे छापील रोल आधी माह्याकडेच व्हायचे. मंग एक दिवस चारचौघांत म्हणाला, "तुयापेक्षा इंदूरवाला भारी!"

आता इंदूरवाल्यानं रोल उलट्या टोकानं गुंडाळले. पाकिटं भरायच्या मशीनवर रोल चढवला का मिरची डोक्यावर उभी! चित्राचं कोणतं टोक आधी यावं, हे मी न सांगता पाहून घेत होतो. शेठले पत्ताच नव्हता.

"भाऊ, तेवढे रोल फिरवून गुंडाळून देजो."

"मशीनले फुरसत नाही."

काऊन म्हणलो असं? पण ती उलटी मिरची पाहून जीव असा थंड झाला!

महिना झाला, मशीनले काम नाही. तरी बटन दाबलं, अन् शेठ फाटकाबाहेर जाईपर्यंत रिकामीच फिरवली.