दोन सीटांची गाडी आणि राहून गेलेले शुद्धिपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यात एकेचाळीस वर्षे मुद्रितशोधन करून, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेली, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, कोणी पाठीशी उभे नसताना आणि कोणी गोड बोललेले नसताना, राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी आज मला वार आणि तारीख विचारली. ती मी सांगितली, शिवाय त्यांच्या दाखल्यातली वेलांटीची चूकही सांगितली. त्यावर त्यांनी मुकाट्याने सही केली. तो दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते रागात लिहिलेले होते आणि त्यात मेकॅनिकचा उल्लेख नव्हता.

कलम १. माझे राहते घर, वरच्या तीन खोल्या, गच्ची व जिना यांसह, माझ्या मुलाला मिळावे. खालचे गॅरेज यात धरू नये. त्याचे पुढे कलम ७ मध्ये बघू. मुला, लगेच नाक मुरडू नकोस, आधी पूर्ण वाच.

कलम २. बँकेतील ठेवी मुलाला व सुनेला निम्म्या निम्म्या. माझे शब्दकोश सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. त्यात मी लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या कोणी खोडू नयेत, कारण त्या बरोबर आहेत.

कलम ३. माझी गाडी माझ्या सुनेला मिळावी.

ही गाडी म्हणजे दोन सीटांची, उघड्या टपाची, गडद हिरवी, वयाने सुनेपेक्षा मोठी. तिचा कारखाना कधीच बंद पडला. माझ्या पतींनी ती सोळा वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, एका बंद दवाखान्याच्या आवारातून दोर बांधून ओढत आणली. ते सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढत. जन्मभर दुसऱ्यांचे रस्ते काढले, आता एकावरून तरी स्वतः जाऊ दे, असे म्हणाले. मी म्हटले, "अहो, ही जाणार कशी? हिला आधी उठता तर येऊ दे."

मुलाने या गाडीला कायम खेळणे म्हटले. सुनेने मात्र गाडीत पहिल्यांदा बसली त्याच दिवशी विचारले, "आई, पहिला गिअर असा कुरकुरतो का?" दोन दुपारांत ती चालवायला शिकली. आमचे दोघींचे दहा वर्षांत फारसे पटले नव्हते, हे दोघींनाही ठाऊक आहे. पण या गाडीत शेजारी शेजारी बसावेच लागते, मागे जाऊन फुगून बसायला जागाच नाही. सूनबाई, त्या दुपारांसाठी मी तुझी ऋणी आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून येथे लिहिते.

कलम ४. गाडीबरोबर तिचा मेकॅनिकही सांभाळावा. ही अट आहे. तो कसा मिळाला, कसा गमावला आणि परत कसा मिळाला हे खाली लिहिते, म्हणजे अटीचे कारण कळेल.

पहिली दोन वर्षे गाडी खोकत होती. चढ आला की खोके, सिग्नलला थांबली की खोके. पहिल्या मेकॅनिकने बॉनेट न उघडताच "होऊन जाईल" म्हटले. पाच महिने गाडी त्याच्याकडे होती आणि काहीच झाले नाही. परत आली तेव्हा सीटखाली मांजरीची तीन पिल्ले होती, तेवढीच काय ती प्रगती. दुसऱ्याचे ऑफिस वातानुकूलित होते. त्याने कॉम्प्युटरची वायर हातात धरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "मॅडम, हिला कुठे लावायची जागाच नाही." हा निदान खरे बोलला, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. तिसऱ्याने इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ धुतले. इंजिन इतके चकचकीत झाले की त्यात तोंड दिसावे. त्यानंतर ते दोन महिने सुरूच झाले नाही. या तिसऱ्याला मी मृत्युपत्रातही माफ करत नाही.

मग लाकडाच्या वखारीमागचे ते पत्र्याचे गॅरेज सापडले. मालकाला सगळे थांबामिस्त्री म्हणत, कारण गाडीवाला तक्रार सांगायला लागला की तो बोट वर करून म्हणे, "थांबा." आधी गाडीचे ऐकायचे, मग माणसाचे.

आमच्या गाडीला दोन कार्बुरेटर आहेत, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी जोडी. त्याने एक रबरी नळी कानाला लावली, दुसरे टोक आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरले, मग दुसऱ्याच्या. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मी विचारले, "काय झालंय हिला?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "चार दिवस द्या. नाही जमलं तर तसं सांगेन."

मेकॅनिकच्या तोंडून "मला माहीत नाही" मी पहिल्यांदाच ऐकले. मला तेथेच खुर्ची मागून बसावेसे वाटले. चार दिवसांनी गाडी खोकायची थांबली. काढलेले जुने भाग, अगदी वायसरसुद्धा, त्याने कागदात बांधून परत दिले. नऊ वर्षे आमची गाडी त्याच्याखेरीज कोणाच्या हाताला लागली नाही. माझे पती गेले त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा आम्ही दोघे तिच्यातून तळ्यापर्यंत जाऊन आलो होतो. तो रविवार थांबामिस्त्रींनी आम्हाला दिला, असे मी मानते.

कलम ५. आता माझी चूक.

पती गेल्यावर काही महिन्यांनी आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. त्यांना आम्ही टोपीवाले म्हणतो, कारण टोपी ते आंघोळीलाही काढत नसावेत. त्यांनी बॉनेट उचलून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे मूळचे कार्बुरेटर नाहीत. मूळ जोडी आता शोधून मिळत नाही. गाडीला हात कोण लावतं?"

मी गाडीचे मूळ पुस्तक काढले, चष्मा पुसला आणि कार्बुरेटरवर कोरलेले आकडे ताडून पाहिले. आकडे ताडण्यात माझा हात कोणी धरला नाही. एकही अंक जुळत नव्हता. तशीच रिक्षा करून वखारीमागे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हटले, "माझ्या गाडीचे कार्बुरेटर चोरीला गेलेत. गाडी तुमच्याशिवाय कोणाकडे जात नाही."

त्याने फडक्याला हात पुसले. बोट वर केले, पण "थांबा" म्हणाला नाही. म्हणाला, "बाई, मी काढले नाहीत. यापुढे मला काही बोलता यायचं नाही."

बोलता येत नाही म्हणजे चोरी केली, असा मी अर्थ लावला. मंडळाच्या पत्रकाचे मुद्रितशोधन मीच हौसेने करते. पुढच्या अंकात मी चार ओळींची चौकट टाकली. त्याचे नाव घातले नाही, पण वखार घातली. वर्षभरात मंडळातल्या अकराच्या अकरा गाड्या त्याच्याकडून निघून गेल्या. अर्धे गॅरेज त्याला टायरवाल्याला द्यावे लागले. ती चौकट मी तीनदा तपासली होती. तीत काना-मात्रेची एकही चूक नव्हती.

कलम ६. दोन वर्षांनी माळ्यावरची ट्रंक उघडली, पतींचे स्वेटर कोणाला तरी द्यावेत म्हणून. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जड गोळे होते. उघडले तर कार्बुरेटर. त्यांतल्या एकाचा कान, म्हणजे बोल्ट बसवायची भोकाची पाकळी, तुटलेला. आकडे पुस्तकाशी जुळले, एकूण एक.

वर्तमानपत्राच्या त्या पानावर लाल पेनाच्या खुणा होत्या. रोज सकाळी पेपरातल्या चुका काढायची माझी सवय सगळ्या घराला माहीत आहे. खुणा माझ्या होत्या आणि वर तारीख छापलेली होती. पतींची गाडीची वही काढली. त्यात त्यांच्या नकाशातल्यासारख्या अक्षरात लिहिले होते, "थांबामिस्त्रींकडे पहिली खेप." पेपर त्या खेपेच्या बावीस महिने आधीचा होता. मी तेथेच माळ्याच्या शिडीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गोळे पिशवीत घालून वखारीमागे गेले. त्याने पिशवीत पाहिले आणि पहिले वाक्य बोलला ते असे, "सांभाळून ठेवले होते होय साहेबांनी!"

मग मी विचारले म्हणून त्याने सांगितले. मी तीन आठवडे बहिणीकडे गेले असताना आमच्या ह्यांनी पुस्तकात बघून कार्बुरेटर उघडले. एक हातातून फरशीवर पडला. भंगारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीची जोडी आणून त्यांनी कशीबशी बसवली. गाडी खोकत होती ती त्यामुळे. थांबामिस्त्रीने त्या चार दिवसांतच ते ओळखले होते. पण ह्यांनी त्याला बाजूला नेले.

"काय म्हणाले?" मी विचारले.

तो नळी गुंडाळू लागला. "म्हणाले, तिच्या नजरेतून एक चूक सुटत नाही हो. तीस वर्षं माझ्या काढतेय. एवढी एक राहू दे."

"आणि मी चोर म्हटलं तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात?"

"शब्द दिला होता, बाई. साहेब गेले म्हणून तो सुटतो का?"

मी तेथे उभ्या उभ्या रडले. टायरवाल्याने पाणी आणून दिले. मी म्हटले, पुढच्या अंकात जाहीर माफी छापते. तो एकदम म्हणाला, "नको. छापलं की साहेबांचं निघालंच." मी विचारले, "मग मी मेल्यावर?" त्याने बोट वर केले. "थांबा," म्हणाला, आणि खरोखर विचार केला. "तुमचं मृत्युपत्र तुमचं. त्यात मी काय बोलणार?"

ही त्याची परवानगी मी मानते.

त्याने तुटलेला कान तीन महिने खपून जोडला. आज गाडीवर मूळ जोडी आहे. जोड मात्र नीट दिसतो. मी म्हटले, घासून लपवता आला असता. तो म्हणाला, "लपवायचा नाही. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, कुठं तुटलं होतं ते." सूनबाई, पुढचे माणूस तू. आणि थांबामिस्त्री, हे तुमचेच म्हणणे तुमच्यावर उलटवून मी पुढची कलमे लिहीत आहे.

कलम ७. घराखालचे गॅरेज, पाण्याचा नळ, विजेची जोडणी व भिंतीवरच्या फळ्यांसह, थांबामिस्त्रींना त्यांच्या हयातभर वापरायला द्यावे. भाडे घेऊ नये. ते नको म्हणतील. तेव्हा मुलाने बोट वर करून "थांबा" म्हणावे आणि किल्ली त्यांच्या खिशात घालावी. गाडीचे मूळ पुस्तकही त्यांना द्यावे. गाडीच देणार होते, पण ते म्हणाले, "बाई, मी गाड्या ठेवत नाही, चालू ठेवतो."

कलम ८. माझ्या पतींनी ती चूक माझ्यापासून लपवली, याचा मला राग आला होता. तो आठवडाभर टिकला. नंतर कळले की ते एका कार्बुरेटरला घाबरले नव्हते, माझ्या लाल पेनाला घाबरले होते. असे असूनही शेजारची सीट त्यांनी शेवटच्या रविवारपर्यंत माझ्यासाठी पुसून ठेवली. अहो, मी फार सुखात राहिले. हे कोणत्याही कायद्यात बसत नसले तरी या कलमात असू द्यावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी छापखान्यातले माझे जुने सहकारी, खिळे जुळवणारे जुळारी, यांनी करावी. त्यांचे पहिले काम असे: खालील मजकूर मंडळाच्या पत्रकात, पहिल्या पानावर, ठळक टाइपात छापून घ्यावा आणि सभेत टोपीवाल्यांनी उभे राहून, टोपी काढून, मोठ्याने वाचावा.

"शुद्धिपत्र. अंक सत्ताविसावा, पान चार, तळाची चौकट. तेथे 'वखारीमागच्या गॅरेजात गाडी देताना सभासदांनी आपले मूळ भाग मोजून द्यावेत व मोजून घ्यावेत' असे छापले आहे. त्याऐवजी 'वखारीमागच्या गॅरेजात गाडी देताना सभासदांनी काहीही मोजू नये' असे वाचावे. चूक छापखान्याची नाही, लिहिणारीची आहे. थांबामिस्त्रींनी कधीही काहीही घेतले नाही. दिलेला शब्दसुद्धा परत घेतला नाही."

कलम १०. हे मृत्युपत्र मी एकदाच वाचले आहे, दुसऱ्यांदा मुद्दाम वाचलेले नाही. यात कोठे चूक आढळल्यास ती कोणी दुरुस्त करू नये. एवढी एक राहू दे.

येणेप्रमाणे लिहून, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे, व त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, चहा मिळाला आहे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: (सही) माझे दात वीस वर्षे सांभाळणारे दंतवैद्य

साक्षीदार दुसऱ्या: (सही) शेजारीणबाई, ज्यांच्या फाटकासमोर ही गाडी अकरा वेळा बंद पडली आणि ज्यांनी अकराही वेळा धक्का दिला

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ मार्च, दुपारी चार