सुमनची चाल

दौंड, रविवार, १९९८

आज कीबोर्डच्या क्लासात मेजर-मायनर शिकलो. एक सूर अर्धा खाली आला की मेजरचं मायनर होतं, हसऱ्याचं रडकं. पांढरी पट्टी सोडून शेजारची काळी दाबायची, एवढंच. बाळाला झोपवताना सुमन स्वतःचीच एक चाल गुणगुणते. घरी येऊन ती कॅसिओवर वाजवली, तर मायनर निघाली. "हा सूर रडका लागतोय, जरा वर घे," मी म्हणालो. कशाला म्हणालो? एका काळ्या पट्टीसाठी?

ती म्हणाली, "म्हंजी इतके दिवस माझं चुकत होतं व्हय?"

आत्ता आतल्या खोलीत ती माझ्या सुरात गातेय, अडखळत. त्या सुरापाशी थांबून तिनं विचारलं, "अहो, असंच ना?"

न्हाई म्हणायचं होतं. तोंडातून "व्हय" गेलं.