आईच्या मोतीबिंदूची तारीख

प्रिय आई,

प्रभूमध्ये तुला सलाम. दादा, पत्र मोठ्याने वाच, एकही ओळ गाळू नकोस.

माझं उत्तम चाललंय. तुझा गुडघा कसा आहे?

इथे रविवारी चर्चच्या हॉलमध्ये भक्तीचे पिक्चर दाखवतात. कालच्या पिक्चरमध्ये मुलीच्या प्रार्थनेने आंधळ्या आईला दिसू लागलं. सगळा हॉल रडला. मीही रडले, पण रागाने. शेजारच्या नर्सबाईंना म्हटलं, "माझी आई तीन वर्षं प्रार्थना करतेय. आमचं घर देवाला सापडत नाही का?"

"झालंय काय डोळ्यांना?"

"मोतीबिंदू. देव बरं करेल म्हणते, ऑपरेशनला तयार नाही."

त्या म्हणाल्या, "अगं, पिक्चरमधल्या चमत्काराला दोन तास लागले. मोतीबिंदूला वीस मिनिटं पुरतात. आणि ऑपरेशनच्या खोलीत मी रोज प्रार्थना करते, ती देवाला ऐकू जात नाही असं वाटतं का तुला?"

आज दवाखान्यात फोन करून पुढच्या महिन्याची सोळा तारीख घेतली. चिडू नकोस. माझी रजाही मंजूर झालीय.

खरं सांगू? मागच्या खेपेला तू मला आवाजावरून ओळखलंस, ते मनातून जात नाही.

प्रार्थना सोडू नकोस. तू आत टेबलावर कर, मी दाराबाहेर करते.

तुझीच,
धाकटी